मॅडम क्वेसन यांचा लाल-काळा मांडव

मॅडम अर्नेस्टिना क्वेसन यांनी आयुष्यात कधी पैज लावली नव्हती. पैज हा आपल्या म्हणण्याची खात्री नसलेल्या लोकांचा उद्योग आहे, असे त्या मुलींच्या शाळेत चौतीस वर्षे सांगत आल्या होत्या. त्यांतली शेवटची एकोणीस वर्षे तर मुख्याध्यापिकेच्या खुर्चीतून. तेव्हा वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, रविवारी चर्चमधून परतल्यावर, डोक्यावरचा फेटाही न उतरवता त्यांनी दहा वर्षांच्या नातीशी पैज लावावी, हे घडले कसे, याचा खुलासा आधी करणे भाग आहे.

कारण घडले ते फुफूचे, म्हणजे कंद उकडून कुटलेल्या मऊ गोळ्याचे. समुद्रकिनाऱ्यावरच्या सेकोंडी शहरात, कोकोपाम वसाहतीतल्या चौदा नंबरच्या घरात रविवारचे फुफू गरम खाल्ले जाते, हा नियम मॅडमच्या सासूबाईंच्या काळापासून चालत आलेला. त्या दिवशी पामफळांच्या रश्श्यावर साय धरू लागली, तरी नात मान्सा पानावर आलेली नव्हती. ती बैठकीच्या खोलीत दूरदर्शनसमोर मांडी घालून बसली होती, हातात ते दोन शिंगांचे यंत्र होते आणि पडद्यावर मोटारींची शर्यत चालू होती.

"पाच मिनिटं, आजी," मान्सा म्हणाली. ही त्या दुपारची चौथी पाच मिनिटे होती.

मॅडम भिंतीपाशी गेल्या आणि त्यांनी प्लग उपसला.

मान्सा रडली असती तर प्रकरण तिथेच मिटले असते. रडणाऱ्या मुलीला कसे गप्प करावे, हे मॅडमना पक्के ठाऊक होते. पण ती रडली नाही. तिने काळ्या पडद्याकडे पाहिले, मग आजीकडे पाहिले आणि अगदी शांतपणे विचारले, "शेवटची फेरी होती. मी पहिली होते. आजी, तुझ्या लहानपणी होतं काय गं खेळायला?"

"काय नव्हतं ते विचार," मॅडम म्हणाल्या. "चेपलेला दुधाचा डबा दांडक्याने टोलवून चास्केले खेळायचो. रिकाम्या डब्यांच्या मोटारी करायचो, शंख-शिंपल्यांत भातुकली मांडायचो. आणि आम्पे. समोरासमोर उभं राहायचं, टाळी द्यायची, उडी मारायची आणि एक पाय पुढे टाकायचा. पाय जुळला तर एकीचा गुण, नाही जुळला तर दुसरीचा. जिल्ह्यात मी पहिली आले होते."

"मग आता कोणी का नाही खेळत?"

"मुलांना कोणी दाखवत नाही म्हणून. मी दाखवलं तर रांग लागेल."

"बारा तरी येतील?"

"बारा? अगं, बाराला काय होतंय."

इथे मान्साचे वडील फिफी, जे सोमवार ते शुक्रवार टाक्वाच्या खाणीत नोकरी करीत आणि आठवड्याचे दोन दिवस घरात शांतता मिळावी एवढीच ज्यांची अपेक्षा होती, ते म्हणाले, "आई, जाऊ दे ना." या तीन शब्दांनी माघारीची वाट बंद झाली. मुलाने जाऊ दे म्हटलेली एकही गोष्ट मॅडमनी आजवर जाऊ दिलेली नव्हती.

अटी मान्सानेच सांगितल्या, आणि त्या ऐकून मॅडमना आपल्या नातीचा मनातून अभिमानच वाटला. येत्या शनिवारी संध्याकाळी पाचच्या आत वसाहतीच्या मोकळ्या जागेत एकाच वेळी बारा मुले खेळताना दिसली पाहिजेत. त्यांना हाक मारायची नाही, धरून आणायचे नाही, खाऊ द्यायचा नाही. ती आपणहून खेळली पाहिजेत. बारा भरली, तर दूरदर्शनला जोडायचा तो खेळाचा डबा नाताळपर्यंत आजीच्या ट्रंकेत. बारा भरली नाहीत, तर या घरात आजीने पुन्हा कधी प्लगला हात लावायचा नाही.

"कधी म्हणजे?"

"कधीच नाही," मान्सा म्हणाली.

जिच्या नुसत्या चाहुलीने सहाशे मुली उठून उभ्या राहत, त्या बाईला आपल्याच घरातल्या प्लगला हात लावायची मनाई होणार होती. मॅडमनी फेटा सारखा केला आणि नातीशी हात मिळवला.

सोमवारी सकाळी त्यांनी मोकळ्या जागेची पाहणी केली. पाहणी चालू असताना शेजारचे श्री. आर्कू कुंपणाशी आले. हे निवृत्त भूमापक. निवृत्तीनंतर मोजण्यासारखे काही उरले नसल्याने ते सल्ला देत, आणि सल्ला देताना समोरच्या माणसाकडे न पाहता क्षितिजाकडे पाहत.

"ऊन," ते म्हणाले.

"उन्हाचं काय?"

"मॅडम, आत्ताच्या आया मुलांना उन्हात सोडत नाहीत. मांडव घाला."

"आम्ही उन्हातच वाढलो."

"तुम्ही वाढलात. तेव्हा आया आमच्या काळातल्या होत्या." त्यांनी क्षितिजाकडे आणखी निरखून पाहिले. "आणि मांडव घातला की आया बघायला येणार. आया आल्या की खुर्च्या लागणार. शंभर सांगा. आणि लोकांना कळायला नको का? भिंतीवर पत्रक लावा. फोटोसकट. फोटो नसला की आपल्याकडे कोणी थांबून वाचत नाही."

अशा रीतीने दुधाचा एक चेपका डबा आणि एक दांडके एवढ्या सामग्रीवर उभा राहणारा उपक्रम सोमवारी दुपारपर्यंत मांडव, शंभर खुर्च्या, ध्वनिक्षेपक आणि सचित्र पत्रक यांवर येऊन ठेपला.

मांडवाला वसाहतीच्या कचेरीची परवानगी लागते. मंगळवारी मॅडम तिथे गेल्या, तेव्हा कारकून श्री. डोत्से यांनी उभे राहून नमस्कार केला आणि एक छापील अर्ज पुढे सरकवला. अर्जात 'कारण' या शब्दापुढे चार चौकोन होते : अंत्यविधी, लग्न, बारसे, प्रार्थनासभा.

"यात खेळ कुठे आहे?" मॅडमनी विचारले.

"खेळ नाहीये, मॅडम."

"का नाही?"

"खेळायला आजवर कोणी परवानगी मागितली नाही. मुलं आपली खेळायची."

"आणि आता?"

"आता खेळतच नाहीत. त्यामुळे प्रश्नच आला नाही."

मॅडमना हे उत्तर कुठेतरी लागले. पण कारकुनासमोर ते दिसू देणे त्यांच्या शिस्तीत बसत नव्हते. पाचवा चौकोन छापून घ्या, असे त्यांनी फर्मावले. त्याला समितीची बैठक लागेल, आणि बैठक दीड महिन्यांनी आहे, असे कळले. मग श्री. डोत्से यांनी उरलेल्या चौकोनांचा मनापासून विचार केला. लग्न म्हणावे तर वराचे नाव लिहावे लागते. बारसे म्हणावे तर बाळ दाखवावे लागते. प्रार्थनासभेला पास्टरची सही लागते आणि पास्टर गुरुवारशिवाय भेटत नाहीत.

"अंत्यविधीला कोणाची सही लागत नाही," ते म्हणाले. "ज्याची लागावी, तो देऊ शकत नाही ना."

"मी माझ्या हाताने खोटी खूण करणार नाही, मिस्टर डोत्से."

"तुमच्या हाताने नकोच, मॅडम. माझ्या हाताने करतो. तुम्ही जरा तिकडे, खिडकीबाहेर बघा."

मॅडमनी खिडकीबाहेर पाहिले. बाहेर पाहण्यासारखे काही नव्हते, तरी त्यांनी बराच वेळ पाहिले. त्यांच्या सदसद्विवेकबुद्धीचे तेवढ्यावर समाधान झाले. मंजूर अर्जाची एक प्रत नियमानुसार वसाहतीच्या सूचनाफलकावर लागते, ही गोष्ट मात्र श्री. डोत्से यांनी सांगितली नाही, आणि मॅडमनी विचारली नाही.

बुधवारी छापखाना. छापखान्याचा मालक ब्राइट हा मॅडमच्या एका विद्यार्थिनीचा मुलगा; त्यामुळे त्याने त्यांना बसायला पंख्याखालची खुर्ची दिली. मॅडमनी अकरा ओळींचा मजकूर आणला होता. बैठ्या खेळांनी मुलांची कल्पनाशक्ती कशी खुंटते इथून सुरुवात होऊन तो 'तरी सर्व बालकांनी आणि माझ्या माजी सहाध्यायिनींनी आणि विद्यार्थिनींनी अगत्य यावे' इथे संपत होता.

"एवढं कोणी वाचत नाही, मॅडम. हे खाली बारीक अक्षरात टाकू. वर तुमचा फोटो, नाव, वार. कसं हवंय, रंगीबेरंगी?"

"रंगीबेरंगी बिलकूल नको. भारदस्त हवं."

"भारदस्त तयारच असतं माझ्याकडे. वय किती घालू?"

"वयाचा काय संबंध?"

"तिथे वयाची जागा आहे. मोकळी बरी दिसणार नाही."

नमुना दाखवला तेव्हा मॅडमचा चष्मा घरी होता. चष्म्याशिवाय त्यांना जे दिसले, ते एवढेच, की निवृत्तीच्या दिवशीचा, सोन्याचे मणी घातलेला आपला फोटो अत्यंत देखणा आला आहे. भोवती काळी-लाल चौकट होती. पण त्या किनाऱ्यावर भिंतीवर लागणाऱ्या दहांपैकी नऊ पत्रकांना तीच चौकट असते, त्यामुळे ती त्यांच्या नजरेतच भरली नाही. दुरुस्ती एकच सुचवली गेली. फोटो आणखी मोठा करा.

शुक्रवारी त्यांना तीन फोन आले. तिन्ही वेळा त्यांनी "मॅडम क्वेसन बोलतेय" असे म्हणताच पलीकडून काहीतरी पडल्याचा आवाज आला आणि फोन बंद झाला. हल्लीच्या फोनसेवेच्या दर्जाबद्दल त्यांनी मान्साला दोन शब्द ऐकवले. त्याच संध्याकाळी मांडववाल्याचा निरोप आला, की निळे मांडव सगळे एका लग्नात गेले आहेत, लाल-काळे चालतील का. सावली कोणत्या रंगाच्या कापडाची पडते याच्याशी मला कर्तव्य नाही, असे मॅडमनी कळवले.

शनिवारी दुपारी दोन ते साडेतीन मॅडम झोपत. राष्ट्रीय सणालासुद्धा झोपत. तेव्हा त्या शनिवारीही झोपल्या. साडेतीनला मान्सा उशाशी येऊन उभी राहिली.

"आजी, खूप लोक आलेत."

"मुलं?"

"मुलंही आलीत. पण…"

"पण काय?"

"तूच ये आणि बघ. आणि हळूच ये."

दारात फिफी पायरीवर बसला होता. या शनिवारी जादा पाळी असल्याने तो नुकताच टाक्वाहून उतरला होता. वसाहतीच्या फाटकापासून घरापर्यंत सतरा जणांनी त्याला छातीशी धरले होते, आणि सतराव्यापर्यंत तोही हुंदके देऊ लागला होता. आईला उभी पाहून त्याने डोळे पुसले, पुन्हा पाहिले आणि म्हणाला, "आई, तू आधी मला का नाही सांगितलंस?"

"काय सांगायचं?"

"तू आहेस म्हणून."

मॅडमनी पायरीवरून पुढे पाहिले. लाल-काळ्या, म्हणजे त्या किनाऱ्यावर शोकाच्या समजल्या जाणाऱ्या रंगांच्या मांडवाखाली शंभरच्या शंभर खुर्च्या भरल्या होत्या आणि मागे लोक उभे होते. सत्तरी ओलांडून गेलेल्या माणसाच्या मानाला शोभेल असे पांढरे-काळे कपडे बायकांनी घातले होते. चर्चचे महिला मंडळ संथ चालीचे भजन गात होते. आणि पहिल्या चार रांगांत मुले बसली होती. तीस तरी असतील. इस्त्रीचे कपडे, विंचरलेले केस, हात गुडघ्यांवर, नजर जमिनीकडे. एकोणीस वर्षे मॅडमनी ज्या शिस्तीसाठी घसा फोडला, ती शिस्त त्यांना आज, नको त्या एकाच दिवशी, पूर्णपणे लाभली होती.

मॅडम दिसताच भजन तिसऱ्या ओळीवर थांबले. पाचव्या रांगेतली एक बाई खुर्चीसकट आडवी झाली. मांडवाच्या मध्यभागी श्री. आर्कू तीन पानांचे श्रद्धांजलीचे भाषण घेऊन उभे होते. त्यांनी प्रथमच क्षितिजावरून नजर काढून समोरच्या माणसाकडे पाहिले.

"मॅडम, मग हे… आत्ता वाचू की ठेवू?"

"द्या इकडे." मॅडमनी पहिले पान वाचले. "'बाहेरून कडक, आतून मऊ.' हे आतून मऊ काढा. बाकी ठेवा, केव्हातरी लागेल."

"मला तेव्हाच वाटलं होतं," श्री. आर्कू म्हणाले, "की मांडव निळा हवा होता."

मॅडमनी ध्वनिक्षेपक हातात घेतला. आपण हयात आहोत; हा कार्यक्रम खेळांचा आहे; पत्रकाच्या तळाशी तसे स्पष्ट छापलेले आहे; ज्यांना वाचता येते त्यांनी वाचायला हवे होते. एवढे सांगून त्या थांबल्या. अटीप्रमाणे त्यांना मुलांना हाक मारता येत नव्हती. मुलांनी आयांकडे पाहिले. आयांनी मुलांच्या खांद्यांवरचे हात घट्ट केले.

"मॅडम, तुम्ही बऱ्या आहात हे फार बरं झालं," नऊ नंबरच्या घरातली बाई अजिजीने म्हणाली, "पण मांडवात उड्या मारायच्या म्हणजे बरं दिसत नाही."

"मांडव कोणासाठी? मी तर इथे उभी आहे."

"हो मॅडम. पण मांडव तोच आहे ना."

फिफीच्या मनगटावर सव्वाचार झाले होते. मान्सा खांबाला टेकून उभी होती. ती हसत नव्हती, आणि हेच मॅडमना अधिक झोंबत होते. दया आलेल्या नातीसमोर हरणे हा प्रकार त्यांनी कधी कल्पिलाच नव्हता.

तेवढ्यात पहिल्या रांगेच्या टोकाकडून एक घोगरा आवाज आला. "म्हणजे मी दोन गाड्या बदलून आले ती फुकटच म्हणायची."

ती डोर्कास अनान होती. आक्सिम गावची डोर्कास; एके काळी मॅडमच्या बाकावर बसणारी, आणि अठ्ठावन्न वर्षांत त्यांच्याशी एक अक्षर न बोललेली. डोळे रडून सुजले होते. पण हनुवटी तशीच वर होती.

"तू रडत होतीस?" मॅडमनी विचारले.

"मग काय करणार? शनिवार, लाल-काळा मांडव, आक्सिमच्या भिंतीवरसुद्धा तुझा फोटो, तुझं वय. म्हटलं, गेली बिचारी. निदान वर जाऊन तरी खरं बोलली असेल."

"कशाबद्दल खरं?"

"टिने, उगाच वेड पांघरू नकोस. जिल्ह्याचा अंतिम सामना. नऊ-नऊ. शेवटच्या उडीला पाय जुळला होता. तुझा पाय पडल्यावर तू तो बदललास."

मॅडमना टिने म्हणणारे माणूस जगात एकच उरले होते. मांडवात ते नाव उच्चारले जाताच मुलांनी प्रथमच माना वर केल्या.

"मी पाय बदलला नाही."

"बदललास."

"डोर्कास, चप्पल काढ."

दोघींनी चपला काढल्या आणि लुगडी गुडघ्यापर्यंत खोचली. पास्टर काहीतरी म्हणायला उठले आणि मॅडमचा चेहरा पाहून बसले. टाळी वाजली. एकाहत्तर वर्षांच्या दोन स्त्रिया जमिनीपासून साधारण वर्तमानपत्राच्या जाडीइतक्या वर उडाल्या आणि दोघींनी पाय पुढे टाकले. सगळा मांडव श्वास रोखून बसला, काही गुडघ्यांच्या काळजीने, काही निकालाच्या.

"जुळला. माझा," डोर्कास म्हणाली.

"अर्धवट जुळला."

"आजी, पूर्ण जुळला," खांबाशी उभी असलेली मान्सा म्हणाली. वळणावर मोटारींची चाके टिपून तयार झालेली तिची नजर होती. तिच्यापासून पाय लपणे शक्य नव्हते. दोघींनी तिला तिथेच पंच नेमले.

पाच-पाच झाले, तेव्हा एक लहान मूल फस्सकन हसले. आईने त्याला चापट मारायला हात उगारला, पण डोळे खेळावर असल्याने तो हात तसाच हवेत राहिला. सात-सातला महिला मंडळाने टाळ्यांचा ठेका धरला. नऊ-नऊ. दोघी बराच वेळ थांबल्या. पाहणाऱ्यांना वाटले डावपेच, पण त्या श्वास घेत होत्या. उडी. पाय.

सगळ्यांनी मान्साकडे पाहिले. मान्साने आजीकडे पाहिले. "आजी," ती म्हणाली, "तू पाय बदललास."

मॅडम क्वेसन यांनी निर्णय मान्य केला, म्हणजे तीनदा हरकत घेऊन मान्य केला. "लहानपणापासूनची सवय," डोर्कास म्हणाली, आणि खुर्चीत बसून इतकी हसली की तिला पाणी द्यावे लागले.

त्या गडबडीत कोणाच्या लक्षात येण्याआधीच दोन मुली मांडवाबाहेर उभ्या राहून टाळी देत होत्या. आयांचे हात सुटले होते. दोनाच्या चार झाल्या, चाराच्या सहा. मुलगेही शिरले, त्यांचे पाय भलतीकडे पडत होते आणि मुली त्यांना यथेच्छ हसत होत्या. पाचला दहा मिनिटे असताना नऊ. पाचला सात मिनिटे असताना अकरा. इस्त्रीचे कपडे घामाने भिजले. बाकीच्या मुलांना आया घरी घेऊन निघाल्या होत्या, कारण पलीकडच्या वसाहतीत खराखुरा अंत्यविधी होता आणि तिथेही जायचे होते.

अकरा. अकरावी होती नऊ नंबरच्या घरातली सहा वर्षांची मुलगी. आम्पेला जोडी लागते, आणि तिला जोडी नव्हती. ती रिकाम्या हवेला टाळी देई, उडी मारी, पाय पुढे टाकी आणि समोरून कोणाचातरी पाय येईल म्हणून थांबून राही. मग पुन्हा टाळी.

मान्सा तिच्याकडे पाहत होती. मान्सा तिच्याकडे पाहते आहे, हे मॅडम पाहत होत्या. एक हाक पुरेशी होती. चौतीस वर्षांच्या सवयीने ती हाक घशापर्यंत आली, आणि मॅडमनी ती गिळली. आयुष्यात इतकी कठीण गोष्ट त्यांनी केली नव्हती. त्यापुढे वैधव्यसुद्धा सोपे गेले होते.

चार मिनिटे. तीन. मान्साने वाकून बुटाचे बंद सोडले.

"आजी, तू काही बोलली नाहीस ना?"

"एक अक्षर नाही."

"मग ठीक आहे," मान्सा म्हणाली, आणि त्या मुलीसमोर जाऊन उभी राहिली. फिफीने घड्याळ पाहिले, बोटांनी मोजले, पुन्हा मोजले. बारा भरली होती.

डबा त्याच संध्याकाळी ट्रंकेत गेला आणि किल्ली मॅडमच्या कमरेला. डोर्कासला मात्र परत पाठवता येईना. अंत्यविधीला आलेला पाहुणा रविवारची आभाराची प्रार्थना झाल्यावाचून जात नाही, असे तिचे म्हणणे होते. आणि मेलेले माणूस समोर जेवायला वाढते आहे, म्हणजे आभार दुप्पट मानले पाहिजेत, म्हणून ती सोमवारीही राहिली.

सोमवारी दुपारी ती म्हणाली, "टिने, त्या ट्रंकेत आहे तरी काय, दाखव बघू. ज्याच्याशी एवढी लढलीस, ते तू एकदा तरी नीट पाहिलंस का?"

पाहिले नव्हते. कोणत्याही गोष्टीची निंदा करण्यापूर्वी तिचा अभ्यास करावा, असे मॅडमनी सहाशे मुलींना शिकवले होते. तेव्हा केवळ अभ्यासासाठी ट्रंक उघडली गेली. तारा जोडण्यात पाऊण तास गेला. पहिल्या फेरीत डोर्कासची गाडी समुद्रात गेली आणि मॅडमची उलट दिशेने धावली. दुपारची झोप त्या दिवशी झाली नाही.

साडेचारला मान्सा शाळेतून आली, दप्तर ओट्यावर टाकून परस्पर मोकळ्या जागेत पळाली. तिथला मांडव उतरला होता, खांबांचे खड्डे मात्र राहिले होते आणि ते कशाकशाच्या उपयोगी पडतात, याचे मुलांना नवेनवे शोध लागत होते. थोड्या वेळाने ती खिडकीशी आली. पायांवर धूळ होती आणि वेणी सुटली होती.

"आजी, बाहेर ये ना. आम्ही अकराच आहोत. एक कमी पडतोय."

पडद्यावर शेवटची फेरी चालू होती. डोर्कासची लाल गाडी पुढे होती, आणि मॅडमची निळी गाडी तिच्या मागे, अगदी एका चाकाच्या अंतरावर होती. "मला गाठू नकोस गं टिने, दमशील," असे डोर्कास तोंडाने म्हणत होती आणि वळणावर गाडी आडवी घालत होती.

"पाच मिनिटं, मान्सा," मॅडम क्वेसन पडद्यावरची नजर न काढता म्हणाल्या.

मान्साने खिडकीतून हे सगळे नीट पाहून घेतले. मग ती दाराने आत आली आणि सरळ भिंतीवरच्या प्लगकडे निघाली.